मोडीतून आलेली रुपेरी जीप

कादिरकुलचं डोकं कुणीतरी इतकं फोडलं होतं की तो कादिरकुलच आहे हे त्याच्या सोन्याच्या दातांवरून ठरवावं लागलं.

रुपेरी जीपचं ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं होतं. पाय आत अडकलेले आणि बाकीचा देह बाहेर लोंबकळलेला, असा तो पडला होता. खाली सिमेंटवर रक्ताचं थारोळं सुकून काळं झालं होतं. शेजारी पत्रा ठोकायची हातोडी होती. तिच्या दांड्यावरून कुणीतरी फडकं फिरवलं होतं. लोखंडाला मात्र केस तसेच चिकटलेले होते.

पोलीस कॅप्टन उल्कान दुखरे गुडघे धरत खाली बसली आणि तिने ते डोकं न्याहाळलं.

"मारायला एक घाव पुरतो," ती म्हणाली. "मारणारा हा मेल्यावरही मारत राहिलाय. असं एक तर रागानं होतं, नाही तर भीतीनं."

"रागच असणार, एजे," लेफ्टनंट इल्याज म्हणाला. खात्यात सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं.

बिश्केकच्या गाडीबाजारामागे कादिरकुलच्या या वखारीसारख्या पत्र्याच्या वखारींची रांगच आहे. अमेरिकेत आपटलेल्या, विमावाल्यांनी कागदावर मोडीत काढलेल्या गाड्या समुद्र ओलांडून, ट्रेलरवर चढून इथे येतात. ठोकल्या जातात, जोडल्या जातात, रंगवल्या जातात आणि निम्म्या किमतीत नव्या मालकाच्या दारात उभ्या राहतात. लागला तर मटका, नाही तर मसणवटा. अर्धं शहर असल्याच गाड्यांतून हिंडतं. उल्कानची गाडीही इथलीच. उजवं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, आणि तरी तिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं उल्कानला खपत नसे.

इल्याजने जीपच्या पुढच्या चाकांकडे बोट दाखवलं. टायरवर आणि बॉनेटवरही रक्त होतं.

"ते मेंढ्याचं आहे," कोपऱ्यातून आवाज आला. हार्सान, वखारीतला वेल्डर. सकाळी कुलूप उघडायला आला आणि हे दृश्य बघून बाहेर जाऊन ओकला होता. "काल सागिनबेक म्हाताऱ्यानं या गाडीवरून मेंढा कापला. नवी गाडी म्हटल्यावर रक्त दाखवायलाच हवं."

"विकलेली गाडी मग परत इथे कशी?"

"ते मला काय विचारता? मालक दुपारी मेजवानीला गेले, मी घरी गेलो. दामिरला विचारा. तो त्या म्हाताऱ्याचा जावई आहे."

दामिर वखारीतला इलेक्ट्रिशियन. तिशीचा, देखणा, हात बायकांसारखे नाजूक. तो धावतच आला, प्रेत पाहून मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. उल्कानने त्याला पोटभर रडू दिलं. मग पाण्याचा पेला दिला आणि विचारायला सुरुवात केली.

त्याने सांगितलं ते असं. ही जीप त्यानेच सासऱ्यांना सुचवली होती. काल दुपारी सासऱ्यांच्या अंगणात मेजवानी होती. कादिरकुल मानाचा पाहुणा. चहा चालू असताना टॅक्सीवाला ओर्मोनबेक फाटक ढकलून आत घुसला. गेल्या महिन्यात त्याचा धाकटा भाऊ कादिरकुलकडून घेतलेल्या गाडीत मेला होता. समोरून ट्रक आला, गाडी धडकली, आणि स्टिअरिंगमधून एअरबॅग उघडलीच नाही. स्टिअरिंगचा दांडा पोराच्या छातीत घुसला.

"काय म्हणाला ओर्मोनबेक?"

"म्हणाला, तुझ्या स्टिअरिंगमध्ये चिंध्या असतात. ते स्टिअरिंग तुला खायला घालतो की नाही बघ. सगळ्यांनी ऐकलं."

"आणि कादिरकुल?"

"मालकांनी रोटी डोक्यावर धरली. म्हणाले, खोटं बोलत असेन तर ही रोटी मला मारो, मी प्रत्येक गाडीत खरी एअरबॅग बसवलीय. मग म्हणाले, हीच जीप घेऊन जातो, आज वखारीत स्टिअरिंग उघडून ठेवतो, उद्या सगळ्यांनी या आणि बघा. सासऱ्यांकडून किल्ली घेतली आणि तडक निघाले."

"तू?"

"मी जेवलो आणि सरळ घरी गेलो. अंगात कणकण होती. बायको-पोरं माहेरीच राहिली." त्याने नाक पुसलं. "मी त्यांच्याबरोबर यायला हवं होतं, एजे."

उल्कान प्रेताकडे वळली. तिने कादिरकुलचा थंड हात उचलला. नखांत ग्रीस होतं, आणि ग्रीसमध्ये लोकरीचे तंतू अडकलेले. लाल आणि तपकिरी.

मग तिने जीपचं स्टिअरिंग पाहिलं. मधलं झाकण व्यवस्थित बसवलेलं, मागचे बोल्ट घट्ट. उघडून ठेवतो म्हणून आलेल्या माणसाचं स्टिअरिंग बंद होतं.

"उघड," तिने हार्सानला सांगितलं.

हार्सानच्या हातून पाना दोनदा पडला. झाकण निघालं. आत एअरबॅग नव्हती. नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाजमाचा तुकडा घड्या घालून कोंबलेला होता, लाल-तपकिरी, कडेला पांढऱ्या दोऱ्याची किनार. समोरचा धोक्याचा दिवा विझावा म्हणून तारांच्या टोकाला एक इवलासा रेझिस्टर जोडलेला.

"म्हणजे ओर्मोनबेक खरं बोलत होता," इल्याज पुटपुटला.

दामिरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मालक मला बंद खोकं आणून द्यायचे. तयार झाकणासकट. मी फक्त तारा जोडायचो. आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. माझी पोरं बसणार होती यात, एजे!"

भिंतीलगतच्या बाकावर निळी प्लॅस्टिकची पिशवी होती, गाठ मारलेली. इल्याजने ती उघडली. मेजवानीहून उठताना जो तो आपल्या वाट्याचं मटण घरच्यांसाठी बांधून नेतो, तसलीच. छातीच्या हाडाचा भलामोठा तुकडा, त्यावर थिजलेली चरबी, वर चार-सहा तळलेल्या पुऱ्या.

"बिचाऱ्याचा वाटा," इल्याज म्हणाला आणि पिशवी पुराव्याच्या खोक्यात टाकली.

तेवढ्यात उल्कानचा फोन वाजला. कादिरकुलच्या भावांना ओर्मोनबेक सापडला होता.

*

टॅक्सी-तळावर गर्दीचं कडं होतं आणि कड्याच्या आत चार जण एका माणसाला लाथा घालत होते. ओर्मोनबेक आता हातही वर करत नव्हता. त्याचा एक डोळा बंद झाला होता, कानातून रक्त येत होतं. कादिरकुलचा थोरला भाऊ ताश्तेमिर जॅकचा दांडा घेऊन उभा होता आणि जागा बघून मारत होता. बरगडी मोडल्याचा आवाज उल्कानने कड्याबाहेरून ऐकला.

तिने हवेत गोळी झाडली. लोक पांगले, ताश्तेमिर हलला नाही. त्याने दांडा पुन्हा उचलला तेव्हा उल्कान त्याच्या आणि ओर्मोनबेकच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, एजे. यानं माझा भाऊ मारलाय."

"मारला असेल तर तो तुरुंगात सडेल. नसेल मारला तर त्याच्या जागी तू सडशील. घरी जा. तुझ्या भावासाठी शोकाचा तंबू उभारायचाय."

ताश्तेमिरने दांडा टाकला. जाता जाता मात्र पडलेल्या माणसाच्या तोंडावर थुंकला.

इस्पितळात ओर्मोनबेकला पलंगाला बेडीने अडकवलं होतं. बाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती. महिन्यापूर्वी एक मुलगा पुरलेली ती बाई उल्कानला बघून उठली, काही मागितलं नाही, रडली नाही. नुसती तिच्या बाहीला धरून उभी राहिली. ती बाही सोडवून घेणं उल्कानला फार जड गेलं. सरकारी वकिलाने तिला आधीच बजावलं होतं: कारण आहे, धमकी आहे, साक्षीदार अंगणभर आहेत, उद्या आरोप दाखल करू. तसं झालं असतं तर या पोराचं तारुण्य संपल्यातच जमा होतं.

"काल मेजवानीतून निघून कुठे गेलास?"

"भावाच्या कबरीवर."

"कुणी पाहिलं?"

"भावानं," ओर्मोनबेक फुटलेल्या ओठांनी म्हणाला.

"थट्टा करायची वेळ आहे का ही?"

"मग काय करू, एजे? माझ्यावर कुणाचा विश्वास बसणारय? त्याला मारायची इच्छा होती का म्हणाल तर होती. रोज होती. पण मला तो आधी लोकांसमोर नागवा झालेला बघायचा होता."

उल्कानने खुर्ची जवळ ओढली. "समज, काल तू वखारीत गेलास. स्टिअरिंग उघडलंस. आत एअरबॅग नाही, नमदा भरलेला. काय केलं असतंस?"

"बाजाराच्या फाटकावर टांगलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं."

"झाकण परत लावलं असतंस?"

"लावू कशाला?" त्याने एकाच डोळ्याने तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "तेच तर दाखवायचं होतं ना."

*

सागिनबेक म्हाताऱ्याचं घर शहराच्या कडेला होतं. तिथे जाताना उल्कानने आपली गाडी नेहमीपेक्षा बरीच हळू चालवली. इल्याजने कारण विचारलं नाही. तो स्वतःच सीटबेल्ट आवळून, स्टिअरिंगकडे बघत बसला होता.

म्हातारा अंगणात खाटेवर खचून बसला होता. गाडीचे पैसे मॉस्कोत बांधकामावर राबणाऱ्या मुलाने पाठवले होते. "स्वस्त मटणाचा रस्सा बेचव, असं आमचा बाप म्हणायचा," तो म्हणाला. "पण जावई म्हणाला, मी स्वतः जातीनं बघून देतो. नव्या गाडीचा विचार तरी आपल्यासारख्यानं करावा का? निम्म्यात जीप मिळतेय म्हटल्यावर मीही हुरळलो."

त्याची बायको सैराकान हिने पाहुण्यांना आत बसवलं. खोलीभर तिच्या हातचे नमदे होते. जमिनीवर, भिंतीवर, पेटाऱ्यावर. एकेका नमद्यावर वर्ष वर्ष घातलेलं दिसत होतं. दामिरची बायको बेगाइम डोळे सुजवून चहा ओतत होती, आणि तिची दोन लहान पोरं आजीच्या पदराआड लपली होती.

"कादिरकुल किती वाजता, म्हणजे जेवणाच्या आधी गेला की नंतर?" उल्कानने विचारलं.

"आधी हो," सैराकान म्हणाली. "मटण अजून हंड्यातच होतं. मला इतकं लागलं! अंगणातून मानाचा पाहुणा उपाशी उठून गेला. म्हटलं, आमच्या घराला बोल लागला. त्याचा वाटा मी बाजूला काढून ठेवला होता, सकाळी पोचवणार होते. अजून फ्रीजमध्ये आहे." तिला रडू आलं. "आता कुणाला देऊ?"

"वाटा म्हणजे कुठला तुकडा?"

सैराकानला प्रश्नच विचित्र वाटला. "मांडीचं हाड. पाहुण्याला आणखी काय देणार? डोकं इथल्या वडीलधाऱ्या आक्साकालला, शेपटीची चरबी दात नसलेल्यांना, छाती जावयाला, कमरेचा तुकडा व्याह्यांना. आई शिकवते ना हे. चुकलं तर तीन पिढ्या नाव ठेवतात."

उल्कानने चहाचा पेला खाली ठेवला, आणि आयुष्यात कधी नाही ते दुसऱ्यांदा भरून मागितला. तो चहा तिने सावकाश, भिंतीवरच्या नमद्यांकडे बघत संपवला.

निघताना तिने म्हाताऱ्याला सांगितलं, उद्या दुपारी दोघांनी वखारीत या. गाडी तुमची आहे, तपासणीच्या वेळी मालक हजर लागतो.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीचं दार आतून लावून घेतलं. जीप तशीच होती. सागिनबेक आणि सैराकान एका बाकावर बसले. हार्सान वेल्डिंगच्या यंत्राजवळ उभा होता, दामिर त्याच्या शेजारी. ओर्मोनबेकला बेड्या घालून आणलं होतं. वाकून, छाती धरून तो भिंतीला टेकला. दामिरने त्याच्याकडे बघून जमिनीवर थुंकी टाकली.

"सगळा बाजार म्हणतोय, रोटीनं कादिरकुलला मारलं," उल्कान म्हणाली. "खोटी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी मेला. मलाही काल सकाळी तसंच वाटलं होतं. पण मग मी स्वतःला विचारलं, ज्याला स्टिअरिंग रिकामं आहे हे माहीत आहे, तो ते उघडून दाखवतो म्हणून गाडी घेऊन येईल का? तो काहीतरी निमित्त काढून ती नदीत ढकलून देईल. कादिरकुलनं ते स्वतःच्या हातानं उघडलं. त्याच्या नखांत लोकर होती. म्हणजे त्याला खात्री होती की आत एअरबॅग आहे. शपथ खरी होती."

"खरी?" ओर्मोनबेकने मान वर केली.

"त्याच्यापुरती खरी. तो एअरबॅगचे पैसे मोजत होता. पैसे घेऊन दुसराच कुणीतरी चिंध्या कोंबत होता. कुंपणच शेत खात होतं. परवा संध्याकाळी कादिरकुलनं झाकण काढलं, आत हात घातला, आणि त्याला सगळं कळलं. त्या वेळी कुंपण त्याच्या मागे उभं होतं."

शेजारच्या वखारीत ग्राइंडर किंचाळत होता. इथे माणूस किंचाळला असता तरी बाहेर ऐकू गेलं नसतं.

"ओर्मोनबेकनं मारलं असतं, तर त्यानं झाकण उघडंच ठेवलं असतं. त्याला तेच जगाला दाखवायचं होतं. इथे खून करणाऱ्यानं प्रेत पायाशी असताना बोल्ट आवळत बसून झाकण परत लावलं. ज्याला लपवायचं असतं तोच झाकण लावतो."

"एजे, हार्सानकडेही किल्ली असते," दामिर हळूच म्हणाला.

हार्सानचा चेहरा पांढरा पडला.

"असते," उल्कान म्हणाली. "पण हार्सान मेजवानीला नव्हता." तिने खोक्यातून निळी पिशवी काढून बॉनेटवर ठेवली. "ही त्या बाकावर होती. आम्हाला वाटलं, कादिरकुलचा वाटा. सैराकान-एजे, ही गाठ कुणाची?"

म्हातारी उठून जवळ आली. "माझीच. दोन वेढ्यांची. सगळ्या पिशव्या मीच बांधल्या."

"कादिरकुल जेवणाआधी गेला. त्याची पिशवी तुमच्या फ्रीजमध्ये आहे. मग ही कुणाची?"

सैराकानने पिशवी उघडली. छातीचं हाड बघितलं. तिचा हात तिथेच राहिला, आणि तिने हळूच मान वळवून जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू," उल्कान म्हणाली, "जेवून सरळ घरी गेलात ना तुम्ही?"

दामिर हसला. "सासूबाईंनीच माझ्याकडे दिला होता, मालकांना पोचवायला. मी जाता जाता बाकावर ठेवला आणि गेलो. घाबरलो म्हणून आधी सांगितलं नाही."

"मी?" सैराकान म्हणाली. "मी पाहुण्याला छाती पाठवीन?"

ती एवढंच म्हणाली, पण तिच्या आवाजात इतका अपमान भरला होता की दामिरचं हसू मावळलं.

"तुम्ही बाहेर पडलात आणि थेट इकडे आलात," उल्कान म्हणाली. "कादिरकुलनं स्टिअरिंग उघडण्याआधी त्याला थोपवायचं होतं. उशीर झाला. तो सीटवर बसून नमदा हातात धरून होता. पिशवी बाकावर ठेवलीत, तिथली हातोडी उचललीत. नंतर दांडा पुसायची आठवण राहिली, झाकण लावायची राहिली. पिशवीची राहिली नाही."

"मटणाच्या तुकड्यावरून फाशी देणार का मला? खोकं मालक द्यायचे. तो नमदा त्यांचा."

उल्कान पुराव्याच्या खोक्याकडे वळली. तिने स्टिअरिंगमधून निघालेला तुकडा आणला, घडी उलगडली आणि सैराकानच्या हातात दिला.

म्हातारीने तो उजेडात धरला. पांढऱ्या किनारीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने अंगठा फिरवला. स्वतःचा टाका कुठली बाई ओळखणार नाही?

"हा बेगाइमच्या रुखवतातला," ती म्हणाली. "दोन हिवाळे बसले होते मी याला. बेगाइमनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, उंदरांनी कुरतडला, टाकून दिला."

दामिरने भिंतीवरची पहार ओढली.

पहिला घाव इल्याजच्या मनगटावर बसला. हाड मोडलं आणि पिस्तूल सिमेंटवर घरंगळत गेलं. दुसरा उल्कानच्या डोक्यावर यायचा तो तिने खांद्यावर घेतला आणि ती जीपवर आदळली. तिसऱ्यांदा पहार वर गेली तेव्हा मागून ओर्मोनबेकने बेड्यांची साखळी दामिरच्या गळ्यात टाकली. दोघे खाली कोसळले. मोडलेल्या बरगड्यांवर दामिर कोपरं मारत होता आणि ओर्मोनबेक साखळी आवळतच होता. दामिरचा चेहरा निळा पडला. टाचा सिमेंटवर घासू लागल्या.

"सोड," उल्कान धापा टाकत म्हणाली.

ओर्मोनबेकने ऐकलं नाही. तो रडत होता आणि आवळत होता.

उल्कान गुडघ्यांवर रांगत त्याच्या तोंडाशी गेली. "ओर्मोनबेक, ऐक. आत्ता सोडलंस तर रात्री आईच्या हातचं जेवशील. नाही सोडलंस तर कालपासून लोक जे म्हणतायत ते तू खरं करशील. ती बाहेर उभी आहे रे."

साखळी सैल व्हायला वेळ लागला. दामिरने कुत्र्यासारखा घसा खरवडून श्वास ओढला. हार्सानने त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला आणि हात तारेने बांधले.

सागिनबेक म्हातारा बाकावरून उठला. तो जावयाच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

"त्या गाडीत तुझी पोरं बसणार होती," तो म्हणाला.

"तुम्ही हळू चालवता, बाबा," दामिर जमिनीवरूनच म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, पण त्यात कांगावा नव्हता. खरंच समजूत घालत असावा तसा. "तुमच्यासारख्याला एअरबॅग कधी लागतच नाही. मी विचार करूनच केलं होतं."

म्हाताऱ्याने पायातला बूट काढला आणि त्याच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. सैराकानने धरेपर्यंत तो मारतच राहिला, आणि उल्कानने दुसरीकडे बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी कादिरकुलच्या अंगणात शोकाचा तंबू उभा होता. दफन उद्यावर होतं. तंबूबाहेर त्याचे भाऊ कमरेला पट्टे आवळून, काठ्यांवर रेलून, आल्यागेल्याच्या विलापाला विलापाने उत्तर देत ओळीने उभे होते. उल्कान खांदा गळ्यात बांधून तिथे गेली होती. दामिरचा कबुलीजबाब तिने ताश्तेमिरला सांगितला तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती.

दुपार कलताना फाटकातून ओर्मोनबेक आला. एका हाताने आईचा खांदा धरलेला, दुसऱ्याने छाती. फाटकाशी तो क्षणभर थांबला. मग सख्खा भाऊ गेल्यावर जसे पुरुष मोठ्याने रडत येतात तसा, मोडल्या बरगड्यांतून आवाज काढत, तो तंबूकडे निघाला.

"बाइके! माझ्या दादा रे! तुला खोटा म्हणालो रे मी, भरल्या अंगणात खोटा म्हणालो!"

ओळीतलं कुणी हललं नाही. ताश्तेमिर जमिनीकडे बघत होता. ओर्मोनबेक त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि रडायचा थांबला. पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

ताश्तेमिरच्या हातातली काठी पडली. त्याने दोन्ही हात पुढे केले, परवा जिथे जागा बघून बघून मारलं होतं तिथे अलगद, अगदी अलगद ओर्मोनबेकला कवेत घेतलं, आणि मग तोही मोठ्याने रडू लागला. थोड्या वेळाने त्याने त्याला आपल्या शेजारी, भावांच्या ओळीत उभं केलं.